पाळण्यातले पाय आणि फ्रँक सेल्के

टोरोंटो शहराच्या पश्चिम भागात रविना नावाचे एक बर्फाचे क्रीडांगण होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे एक शाळकरी मुलगा बर्फ खरवडून साफ करण्याचे काम करीत असे. त्या कामाच्या मोबदल्यात, क्रीडांगण रिकामे असेल तेव्हा त्याला स्केट्स चढवून मनसोक्त खेळता येई. एकट्यानेच खेळणाऱ्या त्या मुलाच्या काठीला रबराची चकती जणू चिकटून राही. हे दृश्य अनेकांच्या डोळ्यांपुढून गेले असेल. थांबून पाहिले ते मात्र ठेंगण्या बांध्याच्या एका वीजतंत्र्याने. तो मुलगा म्हणजे पुढे बशर जॅक्सन या नावाने कॅनडाभर गाजलेला खेळाडू आणि तो वीजतंत्री म्हणजे फ्रँक सेल्के.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणतो. ज्यांचा पोटापाण्याचा उद्योगच ते पाय ओळखण्याचा असतो, त्यांना मात्र ही म्हण किती फसवी आहे हे फार लवकर कळते. आइस हॉकीत तर विशेषच. हा खेळ मैदानावरील हॉकीचा शीतप्रदेशातला भाऊबंद. गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडू, पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. अंगावर धडकणे हा खेळाचाच भाग. सोळाव्या वर्षी जो मुलगा चपळ दिसतो, तो वीसाव्या वर्षी धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांच्या धडकेपुढे टिकेलच असे नाही. जो सोळाव्या वर्षी अडखळतो, त्याचे हाडपेर भरल्यावर काय होईल तेही सांगता येत नाही. शिवाय जागा किती? १९४२ पासून १९६७ पर्यंत उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये केवळ सहा संघ होते. एका संघात सतरा-अठरा जण धरले, तरी सगळी मिळून शंभर-सव्वाशे माणसे. त्या जागांवर डोळा ठेवून कॅनडाच्या गावोगावच्या गोठलेल्या तळ्यांवर हजारो मुले स्केट्स घासत होती. त्यांतून वेचक मुले निवडायची, वाढवायची आणि उरलेल्यांना घरी पाठवायचे, हे काम सेल्के यांनी जवळजवळ अर्धशतक केले. या कामाला त्यांनी जेवढी शिस्त आणली तेवढी त्यांच्या काळात दुसऱ्या कोणी क्वचितच आणली असेल.

सेल्के यांचा जन्म ७ मे १८९३ रोजी ओंटारियो प्रांतातील बर्लिन या गावी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, या गावाने आपले जर्मन नाव टाकून किचनर हे नाव घेतले. घर पोलंडहून आलेल्या स्थलांतरितांचे. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. विजेच्या जोडणीचे काम शिकून ते कारागीर झाले. खेळाडू म्हणून त्यांनी काही नाव कमावले नाही. मात्र चौदा वर्षांचे असताना ते गावातील मुलांच्या एका संघाचे व्यवस्थापक होऊन बसले. समवयस्क पोरे खेळत आहेत आणि हा पोरगा कडेला उभा राहून कोणाला कोठे खेळवावे याचा हिशेब मांडत आहे, हे चित्र मोठे बोलके आहे. ज्याला स्वतःला खेळता येत नाही त्याने दुसऱ्याचा खेळ काय ओळखावा, असा एक आक्षेप सर्वच क्रीडाप्रकारांत घेतला जातो. सेल्के यांचे आयुष्य पाहता त्या आक्षेपात फारसे तथ्य उरत नाही.

महायुद्धाच्या अखेरीस ते टोरोंटोला आले आणि तेथील विद्यापीठात वीजतंत्री म्हणून कामाला लागले. दिवसा तारा ओढायच्या आणि संध्याकाळी विद्यापीठाशी जोडलेल्या शाळेच्या मुलांना हॉकी शिकवायची, असा क्रम सुरू झाला. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कुमार गटासाठी सुरू झालेला मेमोरियल चषक १९१९ मध्ये पहिल्यांदा खेळवला गेला आणि तो याच शाळेच्या संघाने जिंकला. पुढे सेल्के यांनी मार्लबरोज या कुमार संघाची सूत्रे हाती घेतली. १९२९ मध्ये मार्लबरोजनेही मेमोरियल चषक पटकावला. याच संघात बर्फ खरवडणारा जॅक्सन होता. याच संघात चार्ली कोनाकर होता. याच संघातून रेड हॉर्नर आला. हा मुलगा किराणा माल घरोघर पोहोचवीत असे, आणि त्याच्या गिऱ्हाइकांत सेल्के यांचे घरही होते. सामान घेता घेता सेल्के यांनी त्याला चाचणीसाठी बोलावले, आणि काही वर्षांतच तो साऱ्या लीगमधील सर्वांत दांडगट बचावपटू म्हणून ओळखला जाऊ लागला.

या तिघांमध्ये कोनाकरची निवड अधिक विचार करण्याजोगी आहे. टोरोंटोच्या गरीब वस्तीतील मोठ्या कुटुंबात तो वाढला. बर्फावरून घसरण्याची कला त्याला बेताचीच येत असे. म्हणून लहानपणी सोबत्यांनी त्याला गोलात उभे केले होते. आइस हॉकीत ज्याला स्केटिंग नीट येत नाही त्याला निवडणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला होडीवर घेण्यासारखे. परंतु कोनाकरच्या मनगटात विलक्षण ताकद होती आणि हार न मानण्याची वृत्ती होती. स्केटिंग मेहनतीने सुधारता येते. मनगटातला जोर आणि मनातली आग बाहेरून घालता येत नाही. सेल्के यांनी असे सूत्र कोठे लिहून ठेवले होते असे नव्हे, पण त्यांच्या निवडी एकापुढे एक मांडल्या की ते आपोआप वर येते. कोनाकर पुढे त्या काळातील सर्वांत जोरकस फटक्याचा खेळाडू ठरला. जॅक्सन, कोनाकर आणि जो प्रिमो या तरुण त्रिकुटाला लोकांनी पोरांची फळी असेच नाव दिले. १९३२ मध्ये टोरोंटो मेपल लीफ्सने स्टॅनली चषक जिंकला तेव्हा जॅक्सन एकवीस वर्षांचा होता आणि त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते.

तोवर सेल्के हे मेपल लीफ्सचे सर्वेसर्वा कॉन स्माइथ यांचे उजवे हात झाले होते. स्माइथ म्हणजे गरजणारा, हुकूम सोडणारा गडी. सेल्के मितभाषी, दारूला न शिवणारे, श्रद्धाळू कॅथलिक. या जोडीने ऐन जागतिक मंदीत एक अशक्य वाटणारी गोष्ट करून दाखवली. संघासाठी नवे, भव्य क्रीडागृह बांधायचे होते आणि पैसे पुरत नव्हते. सेल्के वीजकामगारांच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते. बांधकामावरील कामगारांनी मजुरीचा पाचवा हिस्सा रोखीऐवजी क्रीडागृहाच्या समभागांच्या रूपाने घ्यावा, अशी कल्पना त्यांनी कामगार संघटनांपुढे मांडली आणि ती मान्य करून घेतली. स्वतःचे घर गहाण टाकून त्यांनीही समभाग घेतले. जूनमध्ये सुरू झालेले काम पाच-साडेपाच महिन्यांत संपले आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजी मेपल लीफ गार्डन्समध्ये पहिला सामना झाला.

जॅक्सनची पुढची कहाणी येथेच सांगून टाकलेली बरी, कारण पारखीच्या मर्यादा तिच्यात दिसतात. बर्फावर त्याच्यासारखा देखणा खेळ क्वचितच कोणी केला. बर्फाबाहेर मात्र तो दारूच्या आहारी गेला, पैसा उधळला आणि १९६६ मध्ये विपन्नावस्थेत वारला. त्याला हॉकीच्या सन्मानदालनात स्थान द्यायला स्माइथ यांचा कडवा विरोध होता. १९७१ मध्ये मरणोत्तर ते स्थान दिले गेले, तेव्हा स्माइथ यांनी दालनाच्या पदाचा राजीनामा दिला. रविनाच्या बर्फावर त्या शाळकरी मुलाला पाहताना सेल्के यांना चकतीवरचे त्याचे प्रभुत्व दिसले. उरलेले कोणालाच दिसण्यासारखे नव्हते.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर स्माइथ स्वतःची तोफखान्याची तुकडी घेऊन युरोपात गेले आणि संघाचा कारभार सेल्के यांच्याकडे आला. याच काळात त्यांनी आयुष्यातला बहुधा सर्वांत धाडसी निर्णय घेतला. टेड केनेडी नावाच्या मुलाचे हक्क माँट्रियल कॅनेडियन्सकडे होते. सोळाव्या वर्षी त्याला माँट्रियलला सरावासाठी नेले, पण घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन तो परत गेला. असा मुलगा म्हटल्यावर बहुतेक व्यवस्थापकांनी त्याच्या नावावर फुली मारली असती. त्यातून त्याचे स्केटिंगही जड होते. परंतु ओंटारियोतील पोर्ट कोलबर्न येथे त्याला नेल्स स्ट्युअर्ट या जुन्या, नामांकित खेळाडूचे मार्गदर्शन लाभले होते, आणि स्ट्युअर्टने टोरोंटोकडे त्याची शिफारस केली. सेल्के यांनी १९४३ मध्ये केनेडीच्या बदल्यात फ्रँक एडोल्स हा बचावपटू माँट्रियलला देऊन टाकला. एडोल्स स्माइथ यांचा आवडता होता आणि शिवाय तेव्हा हवाई दलाच्या सेवेत होता. परदेशात असलेल्या स्माइथ यांना न विचारता हा व्यवहार झाला. त्यांना तो कळला तेव्हा ते संतापले.

निर्णय बरोबर होता की चूक, याचा निकाल केनेडीने बर्फावर दिला. १९४५, १९४७, १९४८, १९४९ आणि १९५१ या पाच वर्षी टोरोंटोने स्टॅनली चषक जिंकला, त्या प्रत्येक संघात तो होता. पुढे तो कर्णधार झाला. स्माइथही त्याला आपल्या संघाचा सर्वांत जिद्दी खेळाडू मानू लागले. तरीही त्या व्यवहाराची सल राहिली. मालकाच्या गैरहजेरीत सेवकाने घेतलेला निर्णय चुकला तर क्षमा होऊ शकते. तो बरोबर ठरला तर कधी कधी होत नाही. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये जबर जखमी होऊन स्माइथ परतले. क्लबच्या संचालक मंडळावरील सत्तास्पर्धेत सेल्के यांनी आपल्याला पुरेशी साथ दिली नाही, असा संशय त्यांच्या मनात बसला. १९४६ च्या वसंतात सेल्के यांनी राजीनामा दिला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आपल्याच घामाने उभ्या राहिलेल्या क्रीडागृहाचा निरोप घेऊन ते बाहेर पडले.

थोड्याच आठवड्यांत ते माँट्रियल कॅनेडियन्सचे महाव्यवस्थापक झाले. हा संघ त्याच वर्षीचा स्टॅनली चषक विजेता होता. मॉरिस रिशार, टो ब्लेक आणि एल्मर लाक यांच्या आघाडीला फ्रेंच भाषक क्वीबेक डोक्यावर घेऊन नाचत होता. वरून पाहता सेल्के यांना करण्यासारखे काही उरलेच नव्हते. पण त्यांनी खाली पाहिले. आजचे वीर थकल्यावर त्यांची जागा घ्यायला मागे पुरेशी मुले नव्हती. नियतीनेही त्यांना लगेच चिमटा काढला. १९४७ च्या अंतिम फेरीत माँट्रियलची गाठ टोरोंटोशी पडली. सहाव्या सामन्यात चषक निश्चित करणारा गोल टेड केनेडीने केला. आणि त्या हंगामात सेल्के यांच्या माँट्रियल संघातून खेळत होता फ्रँक एडोल्स! आपलाच व्यवहार दोन्ही बाजूंनी पाहण्याचा असा योग फार थोड्या व्यवस्थापकांच्या वाट्याला आला असेल. पुढच्या हंगामात तर कॅनेडियन्स बाद फेरीपर्यंतही पोहोचले नाहीत.

सेल्के यांनी क्लबचे मालक सिनेटर डोना रेमाँ यांना एक योजना समजावून दिली होती. क्वीबेकपासून पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातील रेजायनापर्यंत ठिकठिकाणच्या कुमार संघांना पैसा द्यायचा, प्रशिक्षक द्यायचे आणि त्या बदल्यात तेथील मुलांवर पहिला हक्क मिळवायचा. कुमार संघांतून निवडक मुले व्यावसायिक दुय्यम संघांत जातील, तेथून वेचलेली माँट्रियलला येतील. अशी साखळी इतर क्लबांकडेही थोडीफार होती. इतकी लांब आणि इतक्या काळजीने सांभाळलेली नव्हती. या कामासाठी त्यांनी विशीतल्या सॅम पोलॉकला हाताशी धरले. पोलॉकनेही मोठा खेळाडू म्हणून कधी नाव मिळवले नव्हते. सेल्के यांनी त्याच्यात बहुधा आपलेच तरुणपण ओळखले असावे. १९५० मध्ये माँट्रियल ज्युनियर कॅनेडियन्सने मेमोरियल चषक जिंकला. केन रिअर्डन हा निवृत्त बचावपटू मुले हेरण्याच्या कामात आला. १९५६ मध्ये ओंटारियोतील पीटरबरो येथे आणखी एक कुमार संघ या साखळीत जोडला गेला.

या साखळीमागचा विचार नीट समजून घेतला पाहिजे. सेल्के यांच्या पारखी नजरेच्या कथा पुष्कळ आहेत, पण त्यांचे मोठेपण केवळ नजरेत नव्हते. नजर चुकते हे त्यांनी गृहीत धरले होते. एका मुलावर सर्व भिस्त ठेवण्याऐवजी शंभर मुले गोळा करायची, त्यांना वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन-चार वर्षे खेळू द्यायचे आणि काळाला निवड करू द्यायची. सेल्के यांना कोंबड्यांच्या जातिवंत पैदाशीचा मोठा नाद होता. माँट्रियलच्या पश्चिमेला रिगो येथील आपल्या मळ्यावर ते हौसेने कोंबड्या वाढवीत. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाकडे पाहून त्याच्या तुऱ्यावर पैज लावणारा माणूस पैदासकार होत नाही. खुराडे मोठे ठेवायचे आणि थांबायचे. ही तुलना माझी. त्यांनी ती केली असती की नाही, कोण जाणे.

थांबण्याचे फळ कसे येते याचे उत्तम उदाहरण म्हणजे गोलरक्षक जॅक प्लांत. शाविनिगन परिसरातील अकरा भावंडांतला तो थोरला. दम्याचा त्रास असलेला आणि स्वतःच्या लोकरी टोप्या स्वतः विणणारा हा तऱ्हेवाईक तरुण काही वर्षे दुय्यम संघांतच होता. १९५३ च्या बाद फेरीत त्याला मोक्याच्या क्षणी उतरवले गेले आणि १९५४-५५ पासून तो मुख्य गोलरक्षक झाला. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या सामन्यात चकतीने चेहरा फाटल्यावर तो मुखवटा घालून परत आला आणि गोलरक्षकांनी उघड्या चेहऱ्याने उभे राहण्याची जुनी रीत मोडीत निघू लागली. आँरी रिशार हा मॉरिसचा धाकटा भाऊ उंचीने जेमतेम पाच फूट सात इंच. इतक्या लहान चणीचा मुलगा टिकेल कसा, ही शंका रास्त होती. १९५५ च्या सराव शिबिरात त्याला कोणी चकतीपासून वेगळे करू शकले नाही, आणि त्याला परत कुमार संघात धाडण्याचा प्रश्नच उरला नाही. खेळाडू म्हणून त्याने अकरा स्टॅनली चषक जिंकले. तो विक्रम आजही अबाधित आहे.

जाँ बेलिव्होची गोष्ट वेगळी. त्याच्या बाबतीत पारखण्यासारखे काही नव्हते. उंचापुरा, डौलदार, सोळा-सतराव्या वर्षीच साऱ्या क्वीबेकला ठाऊक झालेला खेळाडू. अडचण होती ती त्याला आणण्याची. त्याच्या वडिलांनी मुलाला आयुष्यभर बांधून टाकणाऱ्या करारावर सही करायला नकार दिला होता. क्वीबेक शहरातील एसेस हा संघ नावाला हौशी. बेलिव्होला मात्र तेथे व्यावसायिकांना लाजवील एवढे मानधन मिळे. आल्या-गेल्या पाहुण्यासारखा तो माँट्रियलकडून मोजके सामने खेळला. १९५२-५३ मध्ये तीन सामन्यांत त्याने पाच गोल केले आणि परत गेला. सेल्के यांनी मग निराळाच डाव टाकला. बेलिव्हो ज्या स्पर्धेत खेळत होता, ती संपूर्ण क्वीबेक सीनियर लीगच कॅनेडियन्सने विकत घेतली आणि तिला व्यावसायिक दर्जा दिला. आता व्यावसायिक म्हणून खेळायचे तर ते माँट्रियलसाठीच. ऑक्टोबर १९५३ मध्ये बेलिव्होने पाच वर्षांच्या करारावर सही केली. रक्कम होती १ लाख ५ हजार डॉलर. त्या काळी ती डोळे दिपवणारी होती.

१९५५ च्या मार्चमध्ये मॉरिस रिशारच्या निलंबनावरून माँट्रियलमध्ये दंगल उसळली. त्यानंतर प्रशिक्षक डिक आयर्विन गेले आणि टो ब्लेक आले. पुढे जे घडले ते आकड्यांतच सांगणे पुरे. १९५१ पासून १९६० पर्यंत सलग दहा वेळा कॅनेडियन्स अंतिम फेरीत खेळले. १९५६ ते १९६० या काळात सलग पाच वेळा त्यांनी चषक जिंकला. ही कामगिरी त्यानंतर कोणत्याही संघाला साधलेली नाही. नोव्हेंबर १९५५ मधील एका सामन्यात, प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेले असताना, बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल केले. लहान शिक्षा भोगणारा खेळाडू एक गोल होताच परत येऊ शकेल, असा नियम लीगने १९५६ मध्ये केला. एका संघाची धार बोथट करण्यासाठी नियम बदलावा लागावा, याहून मोठी पावती कोणती?

या वैभवाला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चरित्र पुरे होत नाही. साखळीची खरी दोरी म्हणजे सी फॉर्म नावाचा एक कागद. अठरा वर्षांच्या मुलाने, किंवा त्याहून लहान असल्यास त्याच्या पालकाने, त्यावर सही केली की त्याच्या व्यावसायिक भवितव्याचा हक्क एका क्लबकडे जाई. मोबदला बहुधा शंभर डॉलरच्या आसपास. क्लब त्याला हव्या त्या गावी धाडू शके, दुय्यम संघात वर्षानुवर्षे ठेवू शके; दुसऱ्या क्लबशी बोलणी करण्याची मात्र त्याला मुभा नसे. ज्यांचे गुण माँट्रियलमध्ये जागा मिळण्याइतके होते त्यांच्यासाठी हे ठीक. उरलेल्यांचे काय? चार्ली हॉज हा गोलरक्षक इतर कोणत्याही संघात सहज खेळला असता. प्लांतच्या सावलीत, कधी वर कधी खाली करीत त्याने जवळजवळ दशक काढले आणि तिशीला पोहोचल्यावर, १९६४ मध्ये, सर्वोत्तम गोलरक्षणाचा व्हेझिना करंडक मिळवला. त्याला निदान संधी मिळाली. ज्यांना ती मिळालीच नाही त्यांची नावे अभिलेखांत सापडत नाहीत.

काही नावे सापडतात, पण वेगळ्या कारणाने. बेलिव्होचा एसेसमधील सहकारी हर्ब कार्नेगी हा त्या लीगच्या उत्तम खेळाडूंपैकी एक. टोरोंटोत वाढलेला, मेपल लीफ गार्डन्समध्ये सराव केलेला. तो कृष्णवर्णीय होता आणि नॅशनल हॉकी लीगचे दार त्याच्यासाठी कधी उघडले नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याची चाचणी घेतली आणि दुय्यम संघातली जागा देऊ केली. ती त्याने नाकारली. तो नजरेआड होता असे सेल्के यांच्यासह कोणताही व्यवस्थापक म्हणू शकला नसता. लीगमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, विली ओरी, १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनकडून उतरला आणि तो सामना माँट्रियलच्या फोरममध्येच झाला. त्याचा उजवा डोळा निकामी होता आणि ही गोष्ट त्याने सर्व पारख्यांपासून लपवून ठेवली होती. कोणाचे डोळे अधिक अधू होते, असा प्रश्न येथे पडतो.

कामगार संघटनेतून वर आलेल्या सेल्के यांच्या आयुष्यात १९५७ साल म्हणूनच अवघड वाटते. त्या वर्षी डेट्रॉइटच्या टेड लिंडसे यांच्या पुढाकाराने खेळाडूंनी संघटना स्थापन केली. माँट्रियलचा थोर बचावपटू डग हार्वी तिच्या पदाधिकाऱ्यांत होता. क्लबांच्या मालकांनी ती वर्षभरात मोडून काढली. एके काळी मजुरांच्या वतीने बोलणी करणारे सेल्के आता मेजाच्या पलीकडच्या बाजूला होते. हार्वी १९६१ मध्ये, लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या हंगामानंतर लगेच, न्यूयॉर्कला पाठवला गेला. तेथे त्याने पुढच्याच वर्षी तोच सन्मान पुन्हा मिळवला.

साखळीत गुण इतके साठत की ते विकावे लागत. कधी पैशासाठी, कधी दुबळ्या संघांना तगवण्यासाठी. डिसेंबर १९५४ मध्ये एड लिट्झेनबर्गर हा तरुण खेळाडू डबघाईला आलेल्या शिकागोला दिला गेला. १९६१ मध्ये सलग पाच चषकांनंतर कॅनेडियन्सची घोडदौड उपांत्य फेरीत रोखली ती शिकागोनेच, आणि त्या संघाचा कर्णधार होता लिट्झेनबर्गर. सेल्के यांच्या हाताखालून गेलेली माणसे अशी पुन्हा पुन्हा समोर येऊन उभी राहात.

सत्तरीत पोहोचेतो त्यांनी आपल्या पद्धतीचा अस्तही पाहिला. ५ जून १९६३ रोजी माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात लीगने पहिल्यांदा तरुण खेळाडूंची क्रमवार निवड केली. कोणत्याही क्लबशी न बांधलेल्या मुलांची नावे एकेका संघाने आळीपाळीने उच्चारायची, अशी ही रीत. पहिले नाव माँट्रियलने घेतले: गॅरी मोनॅहन, वय सोळा. बहुतेक चांगली मुले आधीच सी फॉर्मने बांधलेली असल्यामुळे त्या दिवशी केवळ २१ जण निवडले गेले, आणि त्यांपैकी पाचच जण पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळले. त्या पाचांतला एक, गेरी मीहन, यादीत अगदी शेवटचा, एकविसावा होता. पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकात पारख्यांना दिसलेले अंतर दहा-पंधरा वर्षांनी उरलेच नव्हते. त्या दशकाच्या अखेरीस कुमार संघ पोसण्याची पद्धत संपली आणि निवडीची ही नवी रीत सर्वांना लागू झाली.

सेल्के १९६४ मध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा सॅम पोलॉक यांनी घेतली आणि पुढील चौदा वर्षांत नऊ चषक जिंकले. सुरुवातीचे चषक अर्थातच सेल्के यांनी गोळा केलेल्या मुलांच्या बळावर. सन्मानदालनात सेल्के यांना १९६० मध्येच स्थान मिळाले होते. १९६२ मध्ये त्यांनी गॉर्डन ग्रीन यांच्या साह्याने आठवणींचे एक पुस्तकही प्रसिद्ध केले. उरलेली दोन दशके रिगोच्या मळ्यावर, कोंबड्यांच्या सहवासात गेली. ३ जुलै १९८५ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले.

त्यांच्या हयातीतच, १९७७ मध्ये, लीगने त्यांच्या नावाने एक करंडक सुरू केला. तो सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिला जात नाही. आघाडीला खेळूनही जो बचावाचे न दिसणारे काम उत्तम करतो, त्याला दिला जातो. पहिली चार वर्षे तो एकाच खेळाडूने जिंकला: माँट्रियल कॅनेडियन्सचा बॉब गेनी. १९७३ च्या निवडीत पोलॉक यांनी त्याला आठव्या क्रमांकावर घेतले तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या, कारण त्याच्या नावावर फारसे गोल नव्हते. तो आला होता पीटरबरोच्या त्याच कुमार संघातून, जो १९५६ मध्ये सेल्के यांच्या काळात साखळीला जोडला गेला होता.